सरकीची सीट

दिनांक ३ मार्च २०२४, रविवार. रक्कम रुपये चारशे चाळीस. खुशालरावांच्या सायकलची ही किंमत आमच्या इमारतीच्या फाटकाशी ठरली. सायकल काट्याच्या आकड्याला टांगलेली होती. वजन वीस किलो, भाव बावीसचा. काटा भंगारवाल्या धर्मेंद्रच्या तीनचाकीच्या दांडीला अडकवला होता. समोर खुशालरावांचा मुलगा नितेश उभा होता आणि तो घाईत होता, कारण वडील अंघोळीला गेले होते आणि त्यांची अंघोळ फार वेळ चालत नाही.

तशी ती आटोपली. खुशालराव पंचा गुंडाळून, कानामागचा साबण तसाच ठेवून खाली आले.

"कोनाची सायकल टांगली रे?"

"तुमचीच हाय, काकाजी," धर्मेंद्र म्हणाला.

"मंग मले काहून नाई इचारलं?"

"बाबा, तुमी नाहून राहिले होते," नितेश म्हणाला.

"नाहून राहिलो होतो. मेलो नोतो!"

मी पेपर घेऊन पायरीवर बसलो होतो, तसाच बसून राहिलो. मला वाटले, आता सायकल खाली उतरणार. पण खुशालरावांनी काट्याकडे पाहिले आणि त्यांच्यातला दुसराच माणूस जागा झाला.

"भाव काय लावला?"

"बावीस."

"लोखंडाले बावीस? काल इतवारा बाजारात सव्वीस होता. म्या सोता इचारला."

"थे जाड लोखंड राहते, काकाजी."

"अन् हे काय पातळ हाय? चौऱ्याऐंशीची सायकल हाय. आताच्या तीन सायकली निंगतीन इच्यातून. सव्वीसच्या खाली बोलू नको."

धर्मेंद्रने तोंड वाकडे केले, आकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, "चला, तुमच्यासाठी सव्वीस."

म्हणजे पाचशे वीस झाले. ऐंशी रुपये वाढवून घेतल्याचे समाधान खुशालरावांच्या चेहऱ्यावर पसरले, क्षणभर थांबले आणि उतरले. आपण आपलीच सायकल विकली आणि चांगल्या भावात विकली, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

खुशालरावांची ही सवय साऱ्या साईनगरला ठाऊक आहे. ते मूळचे चांदूर बाजार तालुक्यातले. काळी जमीन नऊ एकर, आता ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला दिलेली. वय त्र्याहत्तर. चार वर्षांपूर्वी मुलाने अमरावतीला फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना वरच्या मजल्यावर आणले. खाली मी राहतो. पन्नास वर्षे शेत पाहिलेल्या माणसाला फ्लॅटमध्ये पाहण्यासारखे काही नसते. त्यामुळे खुशालराव रोज सकाळी सहाला सायकल काढतात आणि बाजारात जाऊन भाव विचारतात. घेत काहीच नाहीत. वांगी, संत्री, तुरीची डाळ, ढेप, पत्रे, सिमेंट, जे दिसेल त्याचा भाव विचारायचा, त्यात रुपया-दोन रुपये कमी करून घ्यायचे आणि "पाहू मंग" म्हणून पुढे निघायचे. विक्रेते आधी चिडत. आता त्यांना सवय झाली आहे. एक कांदेवाला तर रोज त्यांच्याशी घासाघीस करूनच त्या दिवसाचा भाव पक्का करतो म्हणे. नऊ वाजता खुशालराव परत येतात आणि पायरीवर उभे राहून आम्हा सगळ्यांना बाजार सांगतात. आमच्या इमारतीतल्या बायका त्यांचे ऐकल्याशिवाय भाजीला बाहेर पडत नाहीत. मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन; पण या माणसाइतके भाव तोंडपाठ असलेला दुसरा कोणी मी नोकरीत पाहिला नाही. त्यांना तरी ते कशाला पाठ हवेत, हा वेगळा प्रश्न.

तर या सगळ्याला सायकल लागते. पायी एवढा बाजार होत नाही, आणि नितेशच्या मोटारसायकलच्या मागे बसून भाव विचारता येत नाही. तो थांबतच नाही.

भांडण सायकलचे नव्हते, सीटचे होते. त्या सीटचे मूळ चामडे कधीचेच फाटले होते. त्यावर घातलेले रेक्झिनचे कव्हर फाटले, मग कव्हराचे कव्हर फाटले. खालच्या स्प्रिंगा आणि गंजलेली पट्टी वर आली. खुशालरावांनी त्यावर युरियाची रिकामी थैली बांधून पाहिली. थैली गुळगुळीत, पहिल्याच उतारावर ते सीटवरून घसरून दांडीवर आले, आणि दोन दिवस त्यांनी उभ्यानेच चहा घेतला. मग थैलीवर गोणपाट बांधले. गोणपाटातून गंज आणि तेल दोन्ही झिरपायचे, आणि खुशालरावांच्या पांढऱ्या पायजम्यावर मागे, मधोमध, एक तांबूस काळा ठसा उठायचा. पायजम्याचे काही नाही. पण बाजार सांगून झाला की ते वर जात आणि सोफ्यावर बसत.

सोफा त्यांची सून आरती हिने दिवाळीत घेतला होता. रंग मोतिया. दिवाळीपासून त्याच्या उजव्या बाजूला सीटच्या आकाराचा डाग होता आणि तो दर आठवड्याला गडद होत होता. आरती शाळेत शिकवते, शांत मुलगी आहे. पण घरी पाहुणे आले की ती त्या डागावर स्वतः बसते आणि पाणी द्यायलासुद्धा उठत नाही, हे मी पाहिलेले आहे.

असो. फाटकाशी परत येतो.

"उतरव सायकल," खुशालराव धर्मेंद्रला म्हणाले. "मले नाई इकायची."

"पन काकाजी, इसार देल्ला ना म्या."

"काय देल्लं?"

"इसार. चाळीस रुपये. नितेशभाऊच्या हातात हायेत."

नितेशने मूठ उघडली. वीसच्या दोन नोटा होत्या.

खुशालराव खालच्या पायरीवर बसले. बी.कॉम.ला आम्हाला करारांचा कायदा होता, त्यात इसार आहे. पण पुस्तकातल्या इसारातून सुटायला वाटा असतात. चांदूर बाजारच्या बैलबाजारातल्या इसारातून नसतात. तिथे इसाराचा रुपया हातात पडला की बैल गेला. घेणाऱ्याने सौदा मोडला तर त्याचा इसार बुडाला, विकणाऱ्याने मोडला तर त्याने दुप्पट परत करायचा आणि वरून चार गावांत तोंड लपवायचे. खुशालरावांनी आयुष्यात सौदे पुष्कळ केले, मोडला एकही नाही.

"दुप्पट म्हणजे ऐंशी रुपये," मी म्हणालो. "देऊन टाका आणि मोकळे व्हा."

"पैशाचं नाई ना, मुनीमजी." ते मला मुनीमजी म्हणतात, माझी हरकत नाही. "इसार म्या घेतला असता तं म्या मोडला असता. पोरानं घेतला. पोराची जबान बापानं मोडाव का? ज्यानं घेतला त्यानंच मोडाव."

सगळ्यांनी नितेशकडे पाहिले. नितेशने वर पाहिले. वर गॅलरीत, कुंड्यांच्या मागे आरती उभी होती. इसार कोणाच्या सांगण्यावरून घेतला गेला ते सगळ्यांना कळले.

"मामाजी," ती सासऱ्यांना वरूनच म्हणाली, "मले सायकलचा राग नाही. मी चार महिन्यांपासून सोफा पुसून राहिली. डाग पडणार नाही अशी सीट करा, मी स्वतः इसार मोडते."

तिच्या मागून खुशालरावांच्या पत्नी वच्छलाबाई पुढे आल्या. "धर्मेंद्र, दोन रईवार थांब बावा. परवा यायचा डोया कापाले अकोल्याले चाललो आमी. पोरगी हाय तिथं. सोया तारखेले येतो, सतराले तू ये. तवा काय थे ठरवू."

खुशालरावांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, म्हणून सतरा तारीख ठरली. धर्मेंद्रने सायकल उतरवली. चाळीस रुपये नितेशच्या हातातच राहिले. खुशालराव वर जाताना मला म्हणाले, "सायकल गेली तं म्या काय कराव, मुनीमजी? दिवसभर त्या सोफ्यावर बसून काय पाहाव? भिंतीले काय भाव इचाराव?"

हे ते हसत म्हणाले नाहीत.

सोमवारी सीटचे काम निघाले. आधी ते दुकानात जाऊन नव्या सीटचा भाव विचारून आले. साडेतीनशे, त्यांनी तीनशे दहावर आणला आणि "पाहू मंग" म्हणून परतले. कारण विचारले तर म्हणाले, "आत फोम हाय. सारी उमर कापूस पिकवला म्या. आता फोमवर बसू? काही लाज हाय का नाई?"

तेव्हा कव्हर घरीच करायचे ठरले. नितेशची जुनी जीनची पँट निघाली. वच्छलाबाईंनी दाभण काढले, सुतळी काढली आणि पायरीवर बैठक मारली. भरायला कापूसही घरातच होता. गावाहून आलेली शेवटच्या वेचणीची एक पिशवी त्या वाती करायला दिवाणात ठेवतात. अर्थात तो शेतातून आला तसाच, सरकीसकट, म्हणजे आतल्या बियांसकट.

"सरकी काढून देतो," वच्छलाबाई म्हणाल्या. "दोन घंटे लागतीन."

"सरकी राहू दे."

"टोचन नं."

"सरकीनं वजन येते. अन् सरकी असली का कापूस दबत नाई. मले शिकवतं का तू?"

"कोनाले वजन दाखवाचं हाय? इकाची हाय का सीट?"

पण खुशालरावांनी जन्मभर कापूस वजनावर विकला होता आणि सरकी काढणे म्हणजे त्यांच्या लेखी माल घटवणे होते. त्यांनी कापूस ठासून भरला. वच्छलाबाईंनी कव्हराचे तोंड त्यांना येत असलेल्या एकाच पद्धतीने शिवले, म्हणजे कापसाच्या बोऱ्याचे तोंड शिवतात तसे: बोट बोट अंतरावर मोठाले टाके. खाली गंज झिरपू नये म्हणून जुन्या रेक्झिनचा एक गोल तुकडा घातला. सीट तयार झाली तेव्हा ती सीटपेक्षा लग्नातल्या लोडासारखी दिसत होती.

संध्याकाळी खुशालरावांनी त्यावर बसून पाहिले. एरवी टेकणारे पाय आता पायडलपर्यंत पोचेनात.

"कसं वाटून राहिलं?" नितेशने विचारले.

"गादी हाय रे, गादी!"

"हत्तीवर बसल्यावानी दिसून राहिले," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता उतरता येते का पाहा."

ते उतरले, वर गेले आणि सोफ्यावर बसून उठले. नवा डाग नव्हता. आरतीने वाकून, चष्मा लावून पाहिले. "आज नवीन आहे म्हणून," ती म्हणाली. "सतराच्या सकाळी परत पाहू." ती शिक्षिका आहे, एका चाचणीवर पास करत नाही.

खुशालरावांना मात्र सुनेपेक्षा मुलाची भीती वाटत होती. आपण अकोल्याला डोळ्यावर पट्टी बांधून पडणार, आणि इकडे पोरगा पुन्हा अंघोळीसारखी वेळ साधणार. म्हणून निघायच्या सकाळी त्यांनी बैलाची साखळी काढली. ती त्यांनी गावाहून का आणली होती हे आजवर कोणालाच कळले नव्हते. जिन्याखालची नेहमीची जागा सोडून त्यांनी सायकल पुढच्या खांबाशी आणली, कारण साखळी बांधण्याजोगा खांब तो एकच. साखळी चाकातून, दांडीतून आणि खांबाभोवती फिरवली, कुलूप लावले आणि किल्ली करदोड्याला बांधली. ती किल्ली त्यांच्याबरोबर अकोल्याला गेली. दवाखान्यात अंगावरच्या सगळ्या वस्तू काढायला सांगितल्या तेव्हा त्यांनी घड्याळ दिले, अंगठी दिली, दात दिले, किल्ली दिली नाही. हे वच्छलाबाईंनी मागाहून सांगितले.

आता त्या खांबाच्या बरोबर वर आरतीची गॅलरी येते. आरतीला झाडांची फार हौस आहे, पण झाडांना तिची नाही. तीन वर्षांत तिने गुलाब आणले, मोगरा आणला, तुळशी चार. मनी प्लँट तर चोरलेलाच लागतो म्हणतात म्हणून शाळेच्या ऑफिसातून चोरून आणला; तोही गेला. झाड सुकले की ती पाणी वाढवते, पाणी वाढवले की झाड कुजते, कुजले की तिला ते सुकल्यासारखे दिसते. रोज सकाळ-संध्याकाळ कुंड्यांतून एवढे पाणी खाली येते की खांबाशी कोणी गाडी लावत नाही. खुशालराव आले तेव्हापासून सायकल जिन्याखाली असायची, म्हणून त्यांना हे माहीत नव्हते.

पहिल्याच दिवशी मी पाहिले की पाणी नेमके सीटवर पडते आहे. ऊन तिथे दुपारी थोडा वेळ येते. मी सायकल सरकवायला गेलो. साखळीने मला दोन इंचाच्या पुढे जाऊ दिले नाही. नितेशला सांगितले. तो म्हणाला, "काका, किल्ली अकोल्याला आहे. आणि मी त्या सायकलला हात लावला असं बाबांना कळलं तर ते डोळा न दाखवताच परत येतील." आरतीला सांगितले. ती म्हणाली, पाणी बंद केले तर झाडे मरतील. मी कुंड्यांकडे पाहिले आणि खाली आलो.

आठ-दहा दिवस असे गेले. सीट फुगली. शुक्रवारी कामावर जाताना मला टाक्यांच्या फटींतून काही पांढुरके, वाकडे बाहेर आलेले दिसले. वरून कोणाच्या खिडकीतून मोड आलेली मटकी सांडली असावी असे वाटले. मी ती काढणार होतो, पण बसची वेळ झाली होती.

शनिवारी सोळा तारखेला खुशालराव अकोल्याहून एसटीने आले. डोळ्याला काळा चष्मा, डोक्याला रुमाल. रिक्षातून उतरले ते थेट खांबाकडे गेले. साखळी जागेवर होती. त्यांनी समाधानाने सीटवर हात ठेवला आणि हात तिथेच थांबला. चष्मा काढायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यांनी तो काढला.

"वच्छले!"

"काय झालं? डोया दुखून राहिला का?"

"इकडं ये. हे पाय."

"काय पाहू? सीट हाय."

"सीट नाई. सरकी निंगाली!"

टाक्याटाक्यातून कपाशीची रोपे वर आली होती. काही अजून मान वाकवलेली, काही सरळ, काहींची दोन-दोन पाने उघडलेली, बारीक, हिरवी. खुशालरावांनी वाकून सीटभोवती पुरी फेरी मारली. या माणसाच्या आयुष्याची सायकल दुसऱ्या दिवशी भंगारात जायची होती आणि हा माणूस उगवण मोजत होता.

"दहातल्या सात उगवल्या," ते म्हणाले. "अन् वावरात पेरा, तं न उगवल्या जागी नांग्या भरता भरता कंबर मोडते."

"म्हनलं होतं, सरकी काढतो," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता बसा पऱ्हाटीवर."

हाका ऐकून आरती खाली आली. आधी तिला समजलेच नाही. मग खुशालरावांनी बोट वर करून कुंड्या दाखवल्या आणि बोट खाली आणून सीट दाखवली.

"म्हणजे माझ्या पाण्यानं?"

"तुयाच पान्यानं."

आरती सीटपुढे उकिडवी बसली. तीन वर्षांत तिच्या हाताने उगवलेली ही पहिली गोष्ट होती. मग तिने मोबाईल काढून वरून, खालून, बाजूने फोटो काढले आणि शाळेतल्या सगळ्या बायकांना पाठवले.

रविवारी सकाळी धर्मेंद्रची तीनचाकी आली. पाठोपाठ खुशालराव करदोड्याची किल्ली सोडवत खाली आले. कुलूप काढले, साखळी गुंडाळली, आणि ते सीटकडे वळले.

"आता परीक्षा घे, आरती. एका मिनिटात इरळनी करतो अन् बसून दाखवतो." बोलता बोलता त्यांनी दोन रोपे उपटलीसुद्धा.

"मामाजी! हात लावू नका!"

"इरळनी हाय पोरी. दाट झालं का उपटाच लागते. लाखो उपटले म्या."

"ह्यातलं एक पण नाही."

"मंग म्या बसू कुठं?"

"काही दिवस नका बसू. सायकल राहू द्या इथंच. मी इसार मोडते, धर्मेंद्रभाऊले दुप्पट देते, सायकल कोणी नेणार नाही. पण सीटवर कोणी बसायचं नाही."

"म्हंजे म्या बाजारात जाऊ नाई?"

आरतीने रोपांवर हात आडवा धरला.

"अजी, बरं झालं ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "सीटवर पऱ्हाटी, सोफ्यावर तुमी. दोघंबी बसल्या जागी वाढा."

खुशालरावांना हसू आले नाही. त्यांनी सायकलची दांडी धरली, ती चालवत फाटकाशी नेली आणि धर्मेंद्रपुढे उभी केली.

"घे. इसार पक्का. उभी सायकल भंगारच राहते. म्या पाहत बसन ना वरतून तिच्याकडं रोज, त्यापरीस गेलेली बरी."

त्या दिवशी पायरीवर माझ्याशिवाय पाच-सहा जण होते. नितेश पुढे झाला, मग थांबला. धर्मेंद्रने सायकल आकड्याला लावली. काटा एकवीस किलोवर गेला.

"एक किलो वाढली," नितेश पुटपुटला.

"पानी हाय थे," धर्मेंद्र म्हणाला. "ओली हाय सीट. पान्याचे पैसे नाई देत मी. वीसच धरतो."

खुशालरावांची मान वर झाली. कापूस विकायला नेला की दरवर्षी कोणी ना कोणी व्यापारी त्यात मूठ खुपसून हेच म्हणे: ओला हाय, किलो कमी धरतो. पन्नास वर्षे त्यांनी हे ऐकले होते.

"ओलाव्याची कट्टी?" ते म्हणाले. "भंगारात? माल तुया काट्यावर हाय, काटा एकवीस सांगून राहिला, अन् तू वीस धरतो? एकवीसच्या सव्वीसनं पाचशे शेचाळीस होतात. होतात ना, मुनीमजी?"

"शेहेचाळीसच," मी म्हणालो.

"पाचशे शेचाळीस काढ!"

"काकाजी, झाड तोलून देऊन राहिले तुमी मले!"

"झाड नाई, पीक हाय थे. पिकाचा भाव येगळा. सव्वीस लोखंडाचा झाला, कापसाचा सांग आता!"

"बाबा, तुमी पुन्हा विकून राहिले!" नितेश ओरडला.

खुशालराव थांबले. तोंड उघडे राहिले. आपण दोन आठवड्यांत तीच सायकल दुसऱ्यांदा, अधिक चांगल्या भावाने विकली, हे त्यांना दिसले. या खेपेला मात्र त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आले नाही. ते काट्याकडे पाहत राहिले. काळ्या चष्म्याआडून डोळ्याचे पाणी आले. डोळ्यात औषध घातले होते, तेही असेल.

आरतीने त्यांच्याकडे पाहिले, मग सीटकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"उतरवा सायकल," ती म्हणाली. "धर्मेंद्रभाऊ, मी मोडते इसार. मामाजी, झाडं माझी, सीट तुमची. काढून द्या मले कुंडीत."

"पऱ्हाटी उपटून लावली का जगत नाई," खुशालराव डोळे पुसत म्हणाले. "मूय हाललं का गेली थे."

"मग?"

"मूय हालू द्याचंच नाई." त्यांनी चष्मा सारखा केला. "सुरी आन. अन् त्या कुंड्यांतला चिखल फेक आधी. त्याच्यात तं दगड बी कुजन."

वच्छलाबाईंनी आपलेच टाके कापले. खुशालरावांनी कापसाचा ओला गोळा जसाच्या तसा, मुळांसकट, सीटवरून उचलून घेतला आणि नवी माती घातलेल्या कुंडीत बसवला. त्यावर चिमूटचिमूट माती टाकली. मग आरतीच्या देखत, तिचा हात धरून, तिच्याच बोटांनी दोन रोपे सोडून बाकीची उपटायला लावली. ती प्रत्येक रोपाला "अरे देवा" म्हणत होती. शेवटचे उपटल्यावर तिने विचारले, "आता पाणी?"

"आता आठ दिवस या कुंडीकडं पाहू नको," खुशालराव म्हणाले.

सीट उन्हात वाळत ठेवली. संध्याकाळी उरलेल्या पिशवीतला कापूस सोफ्यापुढच्या टेबलावर ओतला आणि सगळे सरकी काढायला बसले. मला बोलावले, मीही बसलो. सरकी काढणे दिसते तितके सोपे नाही. ती कापूस सोडत नाही. वच्छलाबाईंची वाटी भरली तेव्हा माझ्या वाटीचा तळ दिसत होता. टीव्हीवर मालिका चालू होती. कापसाचे तंतू उडून सोफाभर पसरले होते, उशांवर, हातांवर, डागावरही. आरतीने ते पाहिले. "हे झटकलं की निघते," ती म्हणाली आणि पुन्हा कापूस उचलला.

वच्छलाबाईंनी या खेपेला टाके जवळ जवळ घातले. सीट चपटी झाली, पाय टेकू लागले. सोमवारी सकाळी खुशालराव बाजारात गेले, नऊला आले, मेथीचा भाव सांगितला आणि वर जाऊन सोफ्यावर बसले. आरतीने त्यांना उठवून पाहिले. नवा डाग पडला नव्हता.

कुंडीतल्या दोन्ही कपाश्या जगल्या. जूनमध्ये त्यातल्या एकीला एक फूल आणि मागाहून एक बोंड आले. फुटलेल्या बोंडाचा कापूस आरतीने काचेच्या बरणीत ठेवला आहे. खुशालरावांनी तो तळहातावर तोलून, त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे त्याचे तेरा पैसे होतात असे सांगितले. आरतीने दिला नाही. ती आता पाणी कमी घालते. सायकल पुन्हा जिन्याखाली असते, साखळी नाही.

इसार मोडला त्या रविवारी नितेशने वीसच्या त्याच दोन नोटा धर्मेंद्रला परत दिल्या. दुप्पट भरायला आणखी चाळीस हवे होते. आरतीजवळ पाचशेची नोट होती आणि धर्मेंद्रजवळ सुटे नव्हते. धर्मेंद्र म्हणाला, राहू द्या ताई. खुशालराव म्हणाले, राहू द्यायचे नाहीत, इसार आहे. तेव्हापासून दर रविवारी तीनचाकी आली की ते गॅलरीतून लोखंडाचा भाव विचारतात आणि सुनेला आठवण करतात. एकदा आरती माहेरी होती, एकदा धर्मेंद्र आला नाही, एकदा विसरले.

धर्मेंद्रचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.